किनाऱ्याला येताना पीठ नको, ज्वारी आणा

मी गाव सोडलं त्या सकाळी आईने मला रडायला बंदी केली होती. "रडत बसू नगंस. एसटी काय तुझ्यासाठनं थांबायची न्हाई," एवढं म्हणून तिने भाकरीचं गठुडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती खाली उतरली. लग्नाला महिनाही झाला नव्हता. शेजारी नवरा बसला होता, त्याच्याशी तोवर माझं धड बोलणंही झालेलं नव्हतं. पायाशी पत्र्याची ट्रंक. वडील सैन्यातून रिटायर झालेले, त्यांनी ट्रंकेला साखळी लावून दिली होती आणि मिरज स्टेशनात पाणी कुठे भरायचं, रात्री चपला कुठे ठेवायच्या, हे कवायत घ्यावी तसं पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं होतं. गाडी हलली तेव्हा आई हात करायलाही थांबली नाही. टँकर यायची वेळ झाली होती आणि रांगेत तिची घागर होती.

तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही. हात केला असता तरी मी जाणारच होते आणि टँकर गेला असता तर घरात पाणी नव्हतं.

आमचं गाव आटपाडीच्या पूर्वेला. आमच्या भागातली माणसं बाहेर का पडली हे आमच्या भागातल्यांना सांगायला नको. कुंडल-पलूसकडे नदी होती, ऊस होता. आमच्याकडे पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर मेंढरं. म्हणून आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळची पोरं गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध करून सराफाला परत द्यायचं. भट्टी, मूस, ॲसिड आणि शाबूत राहिलेले डोळे, एवढं भांडवल. एकाने भावाला नेलं, भावाने मेहुण्याला नेलं. आज गोव्याच्या खाली किनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत कुठलंही मोठं गाव सांगा, तिथल्या सराफी पेठेच्या मागच्या गल्लीत आपला माणूस सापडेल. माझा नवरा दत्ता अलेप्पीला होता. गावी गेले की मी त्याला 'हे' म्हणते, इकडे सरळ दत्ता म्हणते. त्यालाही सवय झाली आहे.

मिरजेहून निघालेली गाडी घाट उतरली आणि मग उजव्या हाताला अधूनमधून समुद्र दिसायला लागला. कारवार, उडुपी, मंगळूर, कासरगोड. दर थोड्या वेळाने गाडी एखाद्या पुलावर धडधडायची आणि खाली काठोकाठ भरलेली नदी असायची. मी सुरुवातीला दत्ताला प्रत्येक नदीचं नाव विचारलं. त्याला एकही माहीत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "एवढ्या पाण्याचं ही माणसं करतात काय?" तो म्हणाला, "कपडे धुतात." लग्नानंतरचा आमचा तो पहिला खरा संवाद.

अलेप्पी, म्हणजे तिथल्या लोकांची आलप्पुळा. मुल्लक्कल नावाच्या पेठेच्या मागे आमचं दुकान आणि दुकानाच्या वर आमची खोली. खाली ॲसिडचा वास, बाहेर कालव्यात सडत घातलेल्या काथ्याचा वास आणि शेजारच्या चुलीवर मासे. पहिला महिना मी जेवले की नाही मला आठवत नाही. शेजारी लीलाचेची राहायची. चेची म्हणजे ताई. ती ब्लाउज शिवायची. मला भाषा तिने शिकवली, तीही गरजेच्या क्रमाने. आधी वेळ्ळम म्हणजे पाणी, मग उप्पु म्हणजे मीठ, मग भाव कसा करायचा, आणि मग सारमिल्ला. सारमिल्ला म्हणजे असू दे, काही बिघडत नाही. दूध उतू गेलं, बोट चुकली, जावई पळून गेला, सगळ्याला सारमिल्ला. हा शब्द माणदेशात नाही. आमच्याकडे सगळं बिघडतंच.

एवढं पाणी बघून मी हरखले होते, पण ते बघायचं पाणी निघालं. प्यायचं पाणी नळाला यायचं तेव्हा यायचं, आणि मी पुन्हा बादली घेऊन रांगेत उभी. माझी हयात रांगेत जाणार असं मी लीलाचेचीला खुणांनी सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की तिची सुई हरवली.

वर्षं गेली. मुलगी झाली. तिच्या वेळचं माझं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी. ती मल्याळममध्ये भांडते, इंग्रजीत अभ्यास करते आणि आजीशी फोनवर मराठीत बोलते, त्यात निम्मे शब्द बाहेरचे. आता ती कोईमतूरला शिकते. मध्यंतरी सराफांनी स्वतःची मशिनं आणली, जुनं सोनं मोठ्या कारखान्यांकडे जायला लागलं आणि दत्ताच्या भट्टीला काम कमी झालं. कुरकुर करण्यात अर्थ नव्हता. आम्ही स्वतः खाली दुकानामागे राहायला आलो, वरची जागा वाढवून तीन खोल्या काढल्या आणि मी फोनवर आमच्याकडच्या लोकांना सांगायला सुरुवात केली: केरळ बघायला येताय तर आमच्याकडे उतरा, जेवायला भाकरी मिळेल. भाकरी या शब्दावर सातारा-सांगलीचा माणूस किती लांबून येतो हे मला तेव्हा कळलं.

सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. वरून येणार असाल तर कासरगोडजवळ बेकलचा किल्ला बघा. आपल्याला डोंगरावरचे किल्ले माहीत. हा समुद्राच्या कडेला पसरलेला आहे, फार चढ नाही, गुडघे दुखणारी माणसंही फिरू शकतात. कोळिकोडला मिठाई रस्त्यावर हलवा घ्या, पण तो खोबरेल तेलातला असतो, घरी गेल्यावर मला फोन करून तक्रार करू नका. कोचीला फोर्ट भागातली मासे धरायची चिनी जाळी सकाळी बघायची. दुपारी नुसते बांबू दिसतात. तिथून मट्टांचेरीला चालत जा, मसाल्याच्या जुन्या वखारींच्या गल्लीत सुंठीचा वास इतका असतो की पडसं असेल तर बरं होतं. अलेप्पीत सगळ्यांना हाउसबोट पाहिजे असते. घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण मला विचाराल तर सरकारी बोटीत बसा. तेच पाणी, तेच माड, शिवाय शाळेची पोरं, मासेवाल्या आणि गॅसचे सिलिंडर. मुल्लक्कलच्या देवळापासून समुद्राकडे निघालात की दीपगृह लागतं, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, आणि पुढे चौपाटीवर जुन्या धक्क्याचे लोखंडी खांब पाण्यात उभे आहेत. एके काळी तिथे जहाजं लागायची. खाली वर्कलाला कड्यावरून समुद्र बघायचा, कडेला टेकायचं नाही. कोवळमला लाल झेंडा असला तर पाण्यात जायचं नाही. आपली माणसं विहिरीत पोहायला शिकलेली असतात आणि त्यांना वाटतं आपल्याला येतं. समुद्राला काठ एकच असतो.

आणि भाकरी पाहिजे असेल तर पीठ आणू नका, ज्वारी आणा. इथे आमच्या गल्लीच्या टोकाला मिल आहे, दळून मिळते. हे मी एवढं निक्षून का सांगते त्याचं कारण माझी आई.

वडील गेल्यापासून आई गावात एकटी. मी एकुलती. शेत तिने माझ्या चुलतभावाला वाट्याने दिलेलं, स्वतःकडे फक्त शेरडं ठेवली. आता आमच्याकडे कालव्याचं पाणी आलंय. जिथे आमची बाजरी करपायची तिथे डाळिंबाच्या बागा आहेत, ज्या कारणाने मी गेले ते कारणच उरलेलं नाही. पण तेवढ्यात माझं आयुष्य इकडे झालं. गावात आम्हीही इतर गलाईवाल्यांसारखं घर बांधलं, टाइल्सचं, गच्चीचं. ते वर्षातून एकदा जत्रेला उघडतं. आई त्यात राहायला तयार नाही. "पाय घसरतोय," म्हणते. आणि पाय घसरला तो तिच्या जुन्या घरी, शेरडांच्या गोठ्यात. शेजारणीने शेरडं ओरडताना ऐकली म्हणून बरं, नाहीतर किती वेळ पडून राहिली असती कोण जाणे. मोडलं काही नाही. पण मला दुकानात, मिलमध्ये, बोटीत तेच दिसायला लागलं.

मी तिला इकडे ये म्हणून सांगत होते, पण तिच्यापुढे रिवाज होता. आमच्याकडच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते: आईबापाने लेकीच्या घरी राहायचं नाही. तिथलं अन्न खायचं नाही, जुनी माणसं तर पाणीही पीत नाहीत. वडील एकदा अलेप्पीला आले होते. कोल्लमला त्यांचा पलटणीतला दोस्त होता, त्याच्याकडे उतरले, आणि आमच्याकडे दिवसभर बसले ते विकतच्या शहाळ्यांवर. दत्ताने हात जोडले. वडील म्हणाले, "पाव्हणं, तुमचा राग न्हाई. शिस्त हाय." आई तर आलीच नाही. तिला कारणच पडलं नव्हतं.

"लेकीच्या दारात खाट टाकून पडू व्हय? गाव काय म्हणंल?" ती फोनवर म्हणायची.

"गाव तुला रोज डबा देतंय का?"

"डबा न्हाई देत. मान देतंय."

दत्ताने गावी जाऊन समजावून पाहिलं. त्याला तिने चहा पाजून, करडाचं मटण घालून परत पाठवलं.

मग गेल्या वर्षी आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांनी बस ठरवली. दक्षिण दर्शन. पुढारी सुमनकाकी, आईची शेजारीण, गोठ्यातून तिला उचलणारी तीच. रस्ता मी फोनवर आखून दिला: आधी सरळ रामेश्वर, मग कन्याकुमारी, आणि तिथून किनाऱ्याने वर येत कोवळम, वर्कला, अलेप्पी. सुमनकाकीने आईचं नाव परस्पर घातलं. "सगळं गाव चाललंय आन् तू शेरडं राखणार व्हय?" म्हणाली. आई निघाली, पण अट घालून. ती बसबरोबर येणार, लेकीकडे नाही.

बस अलेप्पीला आली तेव्हा दिवस मावळत होता. बायका भात-इडलीने वैतागलेल्या. आल्या आल्या भाकरीचाच विषय काढून बसल्या. मी ताजं पीठ दळून ठेवलं होतं. पण सुमनकाकी पोतं घेऊन स्वयंपाकघरात शिरली. "एवढं घरनं दळून आणलंय, ते परत न्यायचं व्हय? आमचंच घे." पीठ निघायच्या आदल्या दिवशी दळलेलं, आणि त्यानंतर त्याने रामेश्वर, कन्याकुमारी सगळं पाहिलेलं. समुद्राची हवा खाऊन ते पार मेलं होतं. मी म्हटलं, "काकी, ह्याची भाकरी व्हायची नाही." ती म्हणाली, "केरळात राहून इसरलीस की काय भाकरी?" झालं. माझी पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर. सुमनकाकीने स्वतः थापायला घेतली, तिची तर उचलताना चार तुकडे झाले. बाहेर बायका ताटं घेऊन बसलेल्या.

आई घरात आली नव्हती. ती पायरीवर बसली होती, बसमधला पाण्याचा जार शेजारी ठेवून, त्यातलंच पाणी पीत. लीलाचेची तिच्या शेजारी बसून मल्याळममध्ये काही सांगत होती आणि आई "व्हय, व्हय" करत होती. आतून तुकड्यांची तिसरी खेप बाहेर गेली तेव्हा आईने ताटात पाहिलं.

"हे काय? चुरा वाढतीस व्हय गं मंगे?"

"तुमच्या गावचंच पीठ आहे. काकींना विचार."

आई उठली. तिने पदर खोचला, पायरी चढली, उंबरा ओलांडला आणि सरळ परातीपाशी आली. इतकी वर्षं ज्या उंबऱ्यासाठी मी भांडत होते, तो तिने फाटलेल्या भाकरीसाठी ओलांडला. आणि एकदा इकडंतिकडं पाहिलंही नाही.

"आधण ठेव," ती म्हणाली. मी पाणी उकळायला ठेवलं. तिने उकळतं पाणी पिठात ओतलं, उलथन्याने कालवलं, हाताला सोसेल तसं मळत गेली. जुन्या पिठाला हाच उपाय, मलाही माहीत होता, पण मला घाईत सुचला नाही आणि बरं झालं सुचला नाही. भाकरी टम्म फुगली. मग ती थांबलीच नाही.

दारात उभी राहून सुमनकाकी म्हणाली, "काय गं शांताक्का, लेकीच्या दारात रोजगार करतीस व्हय?"

"करतीय. तू बस मांडी घालून, पाव्हणीवाणी. पीठ नासवून दमली असशील."

सगळ्यांची जेवणं झाल्यावर आईने दोन भाकरी आणि तिच्या गाठोड्यातली शेंगदाण्याची चटणी घेतली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून खाल्ली. माझ्याकडे बघून म्हणाली, "पीठ गावचं, चटणी माझी, हात माझा. तुझं मी काय खाल्लं न्हाई."

"गॅस माझा होता."

"गॅस कुणी खात न्हाई."

आधणाचं पाणी आमच्या घरचं होतं. ते सांगायला दत्ताने तोंड उघडलं होतं, त्याला मी पाण्याचा तांब्या देऊन बाहेर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सरकारी बोटीने कुट्टनाडात नेलं. हा भाग येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने बघावा. कालव्याचं पाणी वर, आणि भाताची शेतं त्याच्या खाली. बांध घालून, पंपाने पाणी उपसून, समुद्राच्या पातळीखाली भात काढतात. बायका फोटो काढत होत्या. आई बोटीच्या कडेला बसून शेताकडे आणि पाण्याकडे आळीपाळीने बघत होती. पंप दिसला तसा तिने विचारलं, "ह्यो पानी कुठनं आनतोय?"

"आणत नाही. शेतातलं बाहेर काढतोय."

पंप मागे पडेपर्यंत तिने मान वळवून पाहिलं. मग म्हणाली, "आमी पानी चढवाय मेलो. ही मानसं पानी काढून टाकाय मरत्यात."

पुढच्या धक्क्यावर बांधाला माती लावणारा एक माणूस होता. आईने मला त्याला विचारायला लावलं, बांध फुटत नाही का. तो म्हणाला, फुटतो. मग? मग पुन्हा घालतो. आणि हात झटकून म्हणाला, "सारमिल्ला."

"काय म्हणतोय?"

"असू दे म्हणतोय."

आईने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "शेतकरी हाय," ती म्हणाली. तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मी कुणालाच मिळालेलं ऐकलेलं नाही. परत येताना तिने पंपाचा आवाज, बांधाची रुंदी, भाताची जात, सगळं विचारून घेतलं. इतके दिवस देव आणि समुद्र बघून न बोललेली बाई त्या एका फेरीत बोलती झाली.

बस निघायच्या सकाळी मी ठरवलं होतं, रडून-विनवून काही होणार नाही. ती माझीच आई. मी सगळ्यांसमोर, बसच्या दारात, सरळ कामाचं बोलले.

"आई, मला सीझनला भाकरीला माणूस पाहिजे. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. इकडच्या बायकांना जमत नाही, माझ्या एकटीच्याने होत नाही. तू येशील का?"

"लेक आईला कामाला ठेवती व्हय?"

इतक्या वर्षांचा 'गाव काय म्हणंल' हा प्रश्न त्या बसमध्ये बसला होता, खिडक्यांतून माना काढून. आणि गावाच्या वतीने सुमनकाकी बोलली, "बसून खाण्यापरास बरं की गं. काम करून खाती त्येला कोण काय म्हणंल? मला ठेवलं तर मी आत्ता उतरती."

"तुझी भाकरी बघितलीया समद्यांनी," आई म्हणाली. बायका हसल्या. आई बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि बस सुरू होताना मला म्हणाली, "बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा नाही. मी तसंच धरून चालले. मिलमधून दळण आणत होते, भाकरी थापत होते, आणि फोनवर तिला विचारत नव्हते. विचारलं की ती हटून बसते.

दिवाळीच्या आधी फोन आला. "शेरडं सुमनला अर्धलीनं दिली," ती म्हणाली. म्हणजे सांभाळायची सुमनकाकीने, आणि होणारी करडं निम्मी तिची, निम्मी आईची. मी म्हटलं, "का?"

"का म्हंजी? तुझ्याकडं दिवाळीत लोक येणार न्हवं?"

दत्ता जाऊन घेऊन आला. तिच्याबरोबर ज्वारीचं एक पोतं, पीठ नव्हे, आणि अटींचं दुसरं. ती वरच्या खोल्यांत राहणार नाही, अंगणाकडच्या खोलीत राहणार, जिला बाहेरून दार आहे. अंगणात तिची स्वतःची चूल. मृगाच्या आधी परत गावी, पेरणीला. चुलतभाऊ पेरतो, पण तिच्या नजरेखाली पेरतो. मी सगळं कबूल केलं. मृगात इकडे असा पाऊस असतो की पाहुणे येत नाहीत, मलाही सोयीचं. दत्ताने अंगणात विटांची चूल घातली. लीलाचेची नारळाच्या झावळ्या आणून देते, त्या ओल्या असतात म्हणून आई तिला मराठीत बोलते, आणि लीलाचेची तिला मल्याळममध्ये उलटून बोलते. दोघींचं भांडण एकमेकींना एका शब्दाने कळत नाही, त्यामुळे ते मिटायची गरज पडत नाही.

हा तिचा दुसरा सीझन. सुरुवातीला ती पाहुण्यांशी बोलायची नाही. विचारलं तर "मी भाकरीवाली" म्हणायची. मग कुणी जतचा, कुणी कोरेगावचा, कुणी पाटणचा निघायला लागला आणि तिच्या ओळखी लागायला लागल्या. संध्याकाळी लीलाचेचीबरोबर चौपाटीवर जाते. पाण्यात पाय घालत नाही, धक्क्याच्या खांबांपाशी बसते आणि लोक बघते. गुडघा दमट हवेत जास्त दुखतो म्हणते. मी डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. त्या ती घेते, कारण त्या मी औषध म्हणून देते, जेवण म्हणून नाही. माझ्या हातचं आजही जेवत नाही. मी त्याचा नाद सोडलाय. तिच्या चुलीवरचं मी जेवते.

मला वाटायचं, तिला इकडे आणलं की माझं घर पुरं होईल. तसं काही होत नाही. ती इकडे आली की गावातलं घर रिकामं होतं आणि ती गावी गेली की अंगणातली चूल थंड होते. एक ना एक जागा कायम कमी असते. बाहेर पडलेल्यांनी हे मान्य करून टाकावं, पुढचं काम सोपं होतं. एक मात्र मला गेल्या आठवड्यात कळलं, ते सांगून थांबते.

मी मिलमधून दळण घेऊन येत होते. दत्ता दुकानात. पाहुण्यांचा फोन आम्ही पडवीत ठेवतो, तो वाजत होता आणि आईने उचलला. ती फोनवर ओरडून बोलते, फाटकाबाहेर मला ऐकू आलं. पलीकडे कवठे महांकाळचं कुणीतरी कुटुंब असावं. कोचीहून निघाले होते.

"स्टेशनात उतरलासा की रिक्षावाल्याला म्हणा मुल्लक्कल. त्यो समुद्राकडं न्यायला लागला तर थांबवा. तांबड्या पट्ट्याचा मनोरा दिसला म्हंजी चुकलासा, माघारी फिरा. मोठं देऊळ लागंल, ब्लाउजवाल्या बाईची पाटी लागंल, तिच्या अंगाला आमचं घर हाय. न्हाई, हॉटेल न्हवं. घर हाय की, आमचं."

पलीकडून काही विचारलं गेलं. मी फाटकाला हात लावून थांबले.

"जागा? हाय की. का नसंल? या तुमी. किती जण हाय? सगळी या. भाकरी टाकते."

वरच्या तिन्ही खोल्या त्या दिवशी भरलेल्या होत्या. आईला ते माहीत होतं. सकाळी तिनेच तिन्हीकडे पाणी पोचवलं होतं. पण घरात जागा आहे की नाही याचा हिशेब पाहुणा माणूस करतो. घरचं माणूस आधी 'या' म्हणतं आणि मग गाद्या शोधतं.

मी फाटक उघडून आत गेले. दळण तिच्या खोलीत ठेवलं, हॉलमधलं टेबल भिंतीला सरकवलं आणि माळ्यावरच्या गाद्या काढून उन्हात टाकल्या.